भुजा फुटलेले भावोजी

बहुतेकींचे नवरे बोलतात. माझ्या ताईचा नवरा निवेदन करतो. आमच्या शहरातल्या तारांगणात तीसेक वर्षं हेच त्यांचं काम आहे. दिवे मालवले की घुमटावर तारे उमटतात, घुमटाच्या कडेला एका काचेच्या खोक्यात भावोजी मायक्रोफोनपुढे बसतात, घसा खाकरतात आणि विश्वाची उत्पत्ती सांगायला घेतात. एवढ्यावर थांबलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण घरी येतानाही ते तो आवाज खोक्यात ठेवून येत नाहीत. जेवायला बसले की पहिला घास खाऊन डोळे मिटतात, दोन श्वास थांबतात आणि म्हणतात, "आज... जेवणात... मिठाची... उणीव आहे." आपल्याला वाटावं, मीठ कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपलंय आणि त्याचा उजेड आत्ता कुठे पोचतोय.

मी त्याच तारांगणात तिकीट खिडकीवर बसते. ही नोकरी मला भावोजींनी लावून दिली. हे मी सांगायची गरज नाही, ते स्वतःच सांगतात. परवा तर एका प्रेक्षकाने स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं, त्यालाही सांगितलं. मेहुणी म्हटल्यावर भावोजींची टिंगल करायचा मला हक्कच आहे आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. पण मी त्यांना नेमकं का पाण्यात पाहते, ते कळायला आधी त्यांच्या दीर्घिका समजून घ्याव्या लागतील.

तारांगणाच्या जिन्यापाशी एक मोठा फलक आहे. त्यावर दीर्घिकांचे प्रकार काढलेत. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधून ठेवलेला गोतावळा. आपण राहतो ती आकाशगंगा ही त्यातलीच एक. फलकावर डावीकडे गोल दीर्घिका आहेत, मग थोड्या चपट्या, लंबवर्तुळाकार. मधे भिंगासारखी एक. तिथून पुढे रांगेला दोन फाटे फुटतात. वरच्या फाट्यावर साध्या सर्पिल दीर्घिका, म्हणजे मधल्या गोळ्याभोवती वळत गेलेल्या भुजा असणाऱ्या. खालच्या फाट्यावरही सर्पिलच, पण त्यांच्या मध्यातून ताऱ्यांचा एक आडवा दांडा जातो आणि भुजा त्या दांड्याच्या टोकांपासून निघतात. कोपऱ्यात, कुणी पुसायला विसरल्यासारख्या, अनियमित दीर्घिका. त्यांना धड आकार नाही.

आता फलक डावीकडून उजवीकडे वाचायचा, हे भावोजींना कुणी सांगायला नको. त्यांनी तो वाचला आणि त्यातून चरित्र काढलं. त्यांच्या निवेदनातला सगळ्यात गाजलेला भाग तोच. "दीर्घिका जन्मते... ती गोल. निरागस. काळ जातो... ती किंचित चपटी होते. आणि मग... एके दिवशी..." इथे व्हायोलिन सुरू होतं, "...तिला... भुजा फुटतात!" घुमटावर एक सर्पिल दीर्घिका गरगर फिरते आणि शाळेच्या सहलीतली पोरं एका सुरात "ओऽऽ" करतात. त्या "ओऽऽ"साठी भावोजी जगतात. एकदा सहल आली नाही तर त्यांना ताप भरला होता.

आणि हे शास्त्र त्यांनी घरात आणलं. कोणीही नवा माणूस भेटला की भावोजी आधी त्याची दीर्घिका ठरवतात. ते स्वतः अर्थातच सर्पिल, तेही दांड्याची, आपल्या आकाशगंगेसारखी, भुजा ऐसपैस पसरलेली. त्यांचे साहेब भिंगाकार, कारण साहेबांच्या हातून ना धड इकडचं होतं ना तिकडचं. मी अनियमित. मी लग्न केलं नाही, तीनदा भाड्याचं घर बदललं आणि त्यांच्या बोलण्यात मधेच बोलते, एवढा पुरावा त्यांना पुरला. आणि ताई? "तुझी ताई गोल," ते कौतुकाने सांगतात. "शांत. सौम्य. तिला अजून भुजा फुटायच्या आहेत." माझी ताई तेव्हा पन्नाशी ओलांडून गेली होती. ताई हसून ताट उचलायची. मी नुसती धुमसायची.

कारण भुजा तिला फुटत नव्हत्या असं नाही. फुटली की भावोजी ती स्वतःला लावून घ्यायचे. तिने गच्चीत झाडं लावायला घेतली, तर महिनाभरात गच्चीत भावोजींचं व्याख्यान रंगलं आणि ताई खुर्च्या मांडत होती. तिने शेजारणींबरोबर बुद्धिबळाचा डाव सुरू केला, तर भावोजी त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळात पुरुष नको होते, तरी झाले. ते काही हिसकावून घेत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मदत करायला येतात. "दे इकडे," म्हणतात, आणि इतक्या मायेने म्हणतात की समोरचा देऊन टाकतो.

म्हणून ताईने शेवटचं जे काढलं, ते त्यांना सांगितलंच नाही. फक्त मला सांगितलं. भावोजी दुपारी कामावर गेले की ती आतल्या खोलीत खिडकीला गोधडी लावायची, पंखा बंद करायची आणि फोनवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. अंध लोकांसाठी एक वाचनालय होतं, त्यांच्यासाठी. कथा-कादंबऱ्या वाचायला पुष्कळ बायका-पुरुष तयार असतात. पण परीक्षेची रटाळ पुस्तकं वाचायला कोणी पुढे येत नाही, ती ताई वाचायची. एक टेलिफोन ऑपरेटर बाई होती, दिसत नव्हतं तिला, खात्यातल्या बढतीच्या परीक्षेला बसली होती. ताईने तिच्यासाठी 'कार्यालयीन पत्रव्यवहार' नावाचं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं होतं. मी एकदा दाराबाहेर उभी राहून ऐकलं. आवक, जावक, स्मरणपत्र, अनुस्मारक. पण ताईचा आवाज! मला वाटलं, ही बाई माझ्या ओळखीची नाही. आणि मला फार आनंद झाला.

"त्यांना कळू देऊ नकोस," ताई म्हणाली होती. "त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. ते करतो म्हणाले तर मी नाही कशी म्हणू?"

तर मुद्दा असा की भावोजी निवृत्त होणार होते. आणि ते घरी बसले की ताईची दुपार गेलीच, याविषयी आम्हा दोघी बहिणींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग बातमी आली की मुदतवाढ मिळू शकते. तारांगणात नवा प्रोजेक्टर येणार होता आणि त्याबरोबर बाहेरून तयार केलेला कार्यक्रम घ्यायचा की निवेदन आपलंच ठेवायचं, ते एक समिती प्रयोग पाहून ठरवणार होती. आपलं ठेवायचं ठरलं तर भावोजी आणखी दोन वर्षं खोक्यात. मी आयुष्यात पहिल्यांदा भावोजींच्या यशासाठी मनापासून प्रार्थना केली. मला स्वतःचीच लाज वाटली.

अडचण एकच होती. तारांगणावर नुकत्याच एक नव्या शास्त्रज्ञ बाई नेमल्या होत्या. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला शिपाई त्यांना गुडघेदुखीही दाखवून गेला. त्या दुपारचा चहा माझ्या खिडकीपाशी घ्यायच्या. एक दिवस कप खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या भावोजींशी कोणी बोलू शकतं का हो?"

"बोलू शकतं. ऐकणार नाहीत."

"तो भुजा फुटण्याचा भाग चूक आहे. समितीत दोन खगोलशास्त्रज्ञ आहेत. ते तिथेच थांबवतील त्यांना."

मी म्हटलं, मला सांगा, मला कळेल असं सांगा. त्यांनी बिस्किटाच्या पुड्यावर पेनाने फलक काढला. म्हणाल्या, "हा क्रम आकाराचा आहे, वयाचा नाही. दीर्घिका डावीकडून उजवीकडे मोठी होत जात नाही. घोटाळा व्हायला शास्त्रज्ञही जबाबदार आहेत, कारण आम्ही अजून डावीकडच्यांना 'आधीच्या' आणि उजवीकडच्यांना 'नंतरच्या' म्हणतो. जुनी सवय. पण खरं तर गोल, लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्येच म्हातारे, लालसर तारे जास्त असतात. नवे तारे घडायला थंड वायू लागतो, तो त्यांच्यात फारसा उरलेला नसतो. सर्पिलांमध्ये तो असतो, म्हणून भुजांमध्ये नवे निळे तारे जन्मतात."

"म्हणजे उलटं आहे?"

"अगदी उलटंही नाही. पण दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळल्या तर भुजा विस्कटतात आणि बरेचदा एक मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांचंही पुढे तसं होईल, नाही होईल, वाद चालू आहे. सगळ्यांत अवाढव्य दीर्घिका असतात ना, त्या अशाच. शेजारच्या छोट्या छोट्या गिळत वाढलेल्या."

मी चहा पिता पिता थांबले. "गिळत?"

"हो. शास्त्रातही तोच शब्द आहे."

"आणि अनियमित?"

"त्यांना आकार नाही, पण वायू भरपूर. लहान असल्या तरी बऱ्याच जणींमध्ये नवे तारे भराभर जन्मतात."

मी त्या पुड्यावरचं चित्र फाडून घेतलं आणि दिवसभर मनातल्या मनात भावोजींना फलकाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. दांड्याची सर्पिल म्हणे! शेजारणींचं बुद्धिबळसुद्धा सोडलं नाही या माणसाने. मला ते त्यांच्या तोंडावर सांगायची इतकी खुमखुमी आली होती की जीभ चावत बसले. सांगितलं असतं तर ते चिडले असते, चिडले असते तर एक अक्षर बदललं नसतं आणि समितीपुढे तोंडघशी पडले असते. इतर वेळी ते बघायला मी पहिल्या रांगेचं तिकीट काढलं असतं. पण आता त्यात ताईची दुपार जाणार होती.

डॉक्टर बाईंनी त्यांना समजावून पाहिलं. भावोजी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी त्यांना भुजा फोडतोय. आजवर एकाही दीर्घिकेची तक्रार आलेली नाही." त्यावर डॉक्टर बाईंनी हात टेकले.

मग मी कंबर कसली. रविवारी ताईकडे जेवायला गेले आणि दुसरा घास घेता घेता उसासा टाकला. "भावोजी, एक ऐकलं. खरं की खोटं तुम्हीच सांगा. म्हणे इतकी वर्षं शास्त्रज्ञांचा मोठा गैरसमज होता."

"कुठल्या बाबतीत?"

"दीर्घिकांच्या वयाबद्दल. आणि आता समितीतले ते दोघं वाट बघतायत, हे भर सभेत सांगायची हिंमत कोण करतो याची. शास्त्रज्ञांची चूक शास्त्रज्ञांच्या तोंडावर दाखवायची म्हणजे तसाच आवाज पाहिजे ना?"

भावोजींनी घास खाली ठेवला. डोळे मिटले. मी पुड्याचा कागद पुढे सरकवला. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी वाटीत पाहिलं. भावोजींनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "मला... हा संशय... होताच."

समितीचा प्रयोग मी दाराशी उभं राहून पाहिला. आणि काय सांगू, माणूस बहरला होता. "अनेक वर्षं," भावोजी म्हणाले, "मोठमोठ्या शास्त्रज्ञांची अशी समजूत होती... की दीर्घिकेला... भुजा फुटतात." व्हायोलिन वाजलं. तेही त्यांनी बदललेलं नव्हतं. "किती गोड समजूत! पण विश्व... आपल्या समजुतींवर चालत नाही." मग त्यांनी दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर घातल्या. घुमटभर भुजा उधळल्या, तारे शेपटासारखे लांब खेचले गेले, आणि सगळं निवल्यावर मधे एक मोठा, पिवळट, शांत गोळा राहिला. "ही," भावोजींचा आवाज खाली आला, "जी सगळ्यांत शांत दिसते... तिच्या पोटात... किती जणी आहेत, कोण जाणे." माझ्या अंगावर काटा आला. त्या माणसाला आपण काय बोलतोय त्याचा पत्ता नव्हता, पण बोलला झकास.

समितीने टाळ्या वाजवल्या. त्या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी तर उठून वाजवल्या. अध्यक्षांनी भावोजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "असं निवेदन आम्ही कुठेच ऐकलं नाही. यात काना-मात्रा बदलायची गरज नाही. बाहेरचा कार्यक्रम घ्यायचा प्रश्नच येत नाही. आम्ही हेच रेकॉर्ड करून नव्या प्रोजेक्टरला जोडणार. कायमचं! तुम्ही आता घरी आराम करा."

भावोजी हसत राहिले, कारण हसू मागे घ्यायला त्यांना वेळच मिळाला नाही. आणि मी दाराशी कपाळाला हात लावला. चूक राहिली असती तर तयार कार्यक्रम आला असता आणि भावोजी घरी आले असते. चूक काढली, तर त्यांचा आवाज तिथे राहिला आणि भावोजी घरी आले. इतकी खटपट करून मी फक्त त्यांची वाहवा करवून घेतली होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी रजा टाकून ताईकडे गेले. दुपार झाली. भावोजी बाहेरच्या खोलीत पंख्याकडे बघत बसले होते. तारांगणाचे कपडे घातले होते, चपलासुद्धा. ताईने माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि आतल्या खोलीत जाऊन गोधडी लावली, पंखा बंद केला. तिने दार लोटायच्या आत भावोजी तिथे पोचले. "काय चाललंय?"

ताईने सांगितलं. खालमानेने, पण सगळं सांगितलं. भावोजींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "अगं, मग मला बोलायचं नाहीस? दे इकडे!"

ताईने फोन दिला. पुस्तकही दिलं. मला ओरडावंसं वाटलं. भावोजी खुर्चीत बसले, घसा खाकरला, आणि 'कार्यालयीन पत्रव्यवहार' सुरू झाला. "जावक... क्रमांक..." इथे ते दोन श्वास थांबले. "...पत्राच्या... वरच्या... डाव्या... कोपऱ्यात..." तो कोपरा त्यांनी इतक्या दूर नेऊन ठेवला की तिथवर जायला प्रकाशाला वर्षं लागावीत. प्रकरण संपल्यावर त्यांनी समाधानाने डोळे पुसले.

"पाठव," ते म्हणाले.

ताईने पाठवलं. जरा वेळाने फोन वाजला. ती ऑपरेटर बाई होती. ताईने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"ताई, तुम्ही आजारी आहात का?" बाई म्हणाली. "नाही, आज कोणा दुसऱ्यांनी वाचलंय म्हणून विचारलं. आवाज काय छान आहे हो! पण मला त्यातलं काही कळलं नाही. तुम्ही वाचता ना, तेव्हा मला अर्ज लिहिता येतो. यांचं ऐकून नुसतं ऐकत राहावंसं वाटतं. परीक्षा जवळ आली ताई, मी नापास होईन. तुम्ही बऱ्या झालात की वाचाल का?"

"मी बरी आहे," ताई म्हणाली. "आजच वाचते." आणि फोन ठेवला.

मी या क्षणाची किती वर्षं वाट पाहिली होती. आता भावोजींकडे बघून मनसोक्त हसायचं, हे ठरलेलंच होतं. पण ते बुटक्या खुर्चीत हात मांडीवरच्या पुस्तकावर ठेवून बसले होते. मला हसू आलं नाही. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

ताईने पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचललं. पान शोधलं. भावोजी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि तिथून वळले. त्यांचा आवाज त्या वेळी अगदी साधा होता, आपल्या कोणाचाही असतो तसा. "मग मी दुपारभर काय करायचं गं?"

ताई दार लावता लावता थांबली. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

"मी पण हेच विचारत होते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून. तुम्ही म्हणायचात, तुला अजून भुजा फुटायच्या आहेत."

आणि तिने आतून कडी लावली.